जिना

त्या जिन्यावरून आजवर अकरा बायका पडल्या.
चौघींना सवतीनं ढकललं, दोघींना सासूनं,
एकीला पोटच्या पोरानं, इस्टेटीपायी.
उरलेल्या चौघींचा पाय घसरला
असं पोलिसांना सांगण्यात आलं.
प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं.
मला जरा जास्तच:
तो जिना मी पुसते, मंगळवारी आणि शुक्रवारी,
गुडघ्यांवर बसून.

असाबातलं हे घर सिनेमाला भाड्यानं जातं,
दिवसाच्या हिशेबानं, जनरेटरचं डिझेल वेगळं.
खालच्या पायऱ्यांचा संगमरवर खरा,
वरच्या वळणापाशी नुसता चिकट कागद.
सातवीला तडा गेलाय,
म्हणून प्रत्येक सून तिथं किंचित अडखळते
आणि लोक म्हणतात, काय काम करते बाई!
रक्त म्हणजे झोबो, लाल अंबाडीच्या फुलांचा काढा,
दाट व्हावा म्हणून साखर जास्त.
दुसऱ्या टेकपर्यंत मेलेल्या बाईला मुंग्या लागतात.
भुताची पावडर मात्र निघता निघत नाही.

रात्री केबल पॉइंटला, माझ्या खोलीत,
न्वाकाएगो आपलं स्टूल आपण घेऊन येते
आणि बाटलीत भरलेले भाजके शेंगदाणे.
"अगं मागे बघ, मागे!" ती पडद्याला ओरडते,
डोक्यावरून हात फिरवून चुटकी वाजवते,
इडापिडा आपल्या दारी नको.
पडद्यामागचं गाणं पुढची सगळी गोष्ट
आधीच सांगून मोकळं झालेलं असतं,
तरी ती दचकते.
मांत्रिक शाप देतो, तो अर्धा तोंडात असतानाच
लाईट जाते.
गल्लीभर एकच सुस्कारा.
आणि परत येते तेव्हा "अप नेपा!" म्हणून
नेपाचं नावसुद्धा उरलेलं नसताना जन्मलेली पोरं ओरडतात.

माझ्या आवडत्या सिनेमात कुणी पडत नाही.
न्वाकाएगोला तो रटाळ वाटतो.
इसिओमा म्हणते, "आई, पुन्हा तोच?"
त्यात मालकीण जिन्यावर बसून रडते,
चांगली चार मिनिटं, नवरा गेलाय म्हणून,
आणि तिच्या मागे, वळणावर,
माझी निळी बादली.
कुणाच्याच लक्षात आलं नाही. राहून गेली.
कडी तुटल्यावर मी तिला नायलॉनची दोरी बांधली होती,
ती गाठसुद्धा दिसते.
बाईच्या गालावरून काजळ ओघळतं
आणि मी गाठ बघते.

खरी मालकीण, मॅडम न्कोली,
ह्याच जिन्यावरून उतरली होती,
सकाळी साडेसहाला, एक सुटकेस घेऊन.
कुणी ढकललं नाही.
कुणी गाऊन आधी सांगितलं नाही.
साहेब वर झोपले होते, किंवा झोपले नव्हते.
मी चौथ्या पायरीवर. बादली बाजूला ओढली.
तिनं ओल्या पायऱ्या पाहिल्या,
चपला काढून हातात घेतल्या
आणि अनवाणी उतरली, कडेकडेनं,
माझं काम मोडू नये म्हणून.
"सॉरी हं, आन्वुली," म्हणाली.
नऊ वर्षांत तिनं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं,
तेही बरोबर घेतलं.
तिच्या टाचेचा एकच ठसा राहिला, सातवीवर.
तो मी लगेच पुसला. सवयच ती.

त्यानंतर घर भाड्याला निघालं.

अकरा बायका पडून उठल्या,
कपड्यांवरचं सरबत झटकत, भात कुठे आहे विचारत.
ती मात्र कुठल्याच सिनेमात दिसली नाही.
न्वाकाएगो विचारते, मग पुढे काय झालं?
मी म्हणते, भाग दोन अजून बाजारात आलेला नाही.

उद्या मंगळवार. बारावी येणार आहे,
नवीन मुलगी आहे म्हणे, वारीची, पहिलाच सिनेमा.
तिला सातवीचं सांगायला हवं.
की नको?
अडखळली तर काम छान दिसेल.