एस. कांबळे

पार्सल दुपारी आलं, डंक चालू असताना.
पोरगा गाडीवरून उतरलाच नाही.
मिरचीच्या खकाण्यात शिंकत म्हणाला,
"एस. कांबळे? राजारामपुरी, सहावी गल्ली?"
मी मान हलवली. माझा एस. म्हणजे सुयश.
ओटीपीबिटीपी काही नाही,
खोकं कट्ट्यावर टेकवलं आणि गेला, शिंकतच.

वीतभर खोकं. उचललं तर हात खाली आला.
मला वजन कळतं. पंचवीस वर्षं
लोकांच्या मिरच्या, धणे, खोबरं तोलतेय.
तरी काट्यावर ठेवलं: एक किलो दोनशे चाळीस.
कागदावर बारीक इंग्रजी.
चटणी करायला आलेल्या माळकरबाईंच्या नातीनं वाचलं,
"पेलेट. पाचशे नग. चार डबे."
म्हणजे काय गं?
"म्हणजे गोळ्या, मावशी."
कसल्या, बीपीच्या?
"बंदुकीच्या."

डंकाचा आवाज तेवढाच राहिला.
मग सगळ्या एकदम.
आता ह्या पण घरपोच मिळाय लागल्या व्हय?
साबणाच्या वडीगत?
परवाना नको, साहेबाची सही नको,
नुसतं बोट दाबायचं?
इचलकरंजीत म्हणे कुणाच्या तरी दारात असंच...
कुणाच्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
रिटायर हवालदार सासणे रस्त्यापलीकडनं ओरडले,
"हात लावू नका! बादलीत बुडवा!"
नको, मी म्हटलं, माझ्या पोराचं आहे.
म्हटलं, आणि मग मला ऐकू आलं.

सुयशला फौंड्रीतनं काढून दोन महिने झालेत.
सुपरवायझरचं नाव तो जेवताना घेतो,
भाकरी मोडता मोडता, हळू आवाजात.
रात्री दोनला तोंडावर मोबाइलचा उजेड.
काय बघतोस विचारलं तर म्हणतो, काही नाही.
काही नाही
किती किलोचं असतं?

त्या रात्री तो उशिरा आला. मी वाढलं.
उजव्या तर्जनीवर ओतकामाचा जुना चटका,
हळद मीच लावलेली.
तेच बोट.

तो झोपल्यावर पिठाच्या डब्यामागनं खोकं काढलं,
विळीनं टेप कापली, पत्र्याचं झाकण फिरवलं.
आत शिशाचे डमरू.
मसुराएवढे, मधे आवळलेले, शेकड्यांनी,
एकही दुसऱ्याहून वेगळा नाही.
एक चिमटीत धरला तर मऊ.
नखानं ओरखडा उठला.

सकाळी सातला दारात एक पोरगी,
खांद्यावर जाडजूड जाकीट, पाठीला लांब काळी पेटी.
"काकू, मी संघमित्रा कांबळे. नववी गल्ली.
माझं पार्सल तुमच्याकडं..."
सहा उलटला की नऊ होतो, एवढंच.
शनिवारी दुधाळीच्या रेंजवर तिची निवड चाचणी.
एअर रायफल. दहा मीटरवर कागद,
कागदावर पूर्णविरामाएवढा ठिपका.
"माणसासाठी नसतात हो ह्या,"
ती हसली,
फार वेळा सांगून झालेल्या माणसासारखी.
कापलेली टेप तिनं बघितली.
काही बोलली नाही. मोजलेही नाहीत.

डंकावर अजून तोच विषय चालतो.
बायकांचं अगदीच चुकतं असंही नाही.
उद्या दुसरंच काही आलं तर?
गल्ली बरोबर, आकडा सरळ,
नाव पुरतं लिहिलेलं?

सुयश नऊला उठला. चहा फुंकत म्हणाला,
"काल माझ्या हाताकडं काय बघत होतीस?"
काही नाही, मी म्हटलं.

एक डमरू फळीखाली घरंगळला होता,
दुपारी झाडताना सापडला.
पुसून काट्यावर ठेवला. शून्य.
पुन्हा ठेवला. शून्यच.
नववी गल्ली तीन गल्ल्या सोडून.
देऊन यायला पाहिजे.
सध्या बटव्यात आहे, सुट्ट्या पैशांत,
आणि मी मागवलेली चाळणी
अजून आलेली नाही.