इथं कधीच येणार नाही

हेक्सॅमला, टाईन नदीच्या वरच्या अंगाला,
बेकरीच्या माडीवर आमचं वर्कशॉप.
आम्ही वटवाघळं ऐकणारी डबडी बनवतो.
झाडाला बांधायची; रात्रभर ती ऐकतात
आणि ऐकलेलं नखाएवढ्या कार्डावर लिहून ठेवतात.
खोबणी दोन. एक भरलं की दुसरं.

ऑगस्टमध्ये ऑड्री डॉडबाईंनी
ॲलनडेलच्या रानात, शिशाच्या जुन्या खाणीच्या तोंडाशी
एक नवं कार्ड घातलं.
सकाळी डबडं मेलेलं.
बॅटरी भरलेली, दुसऱ्या खोबणीत चांगलं कार्ड,
आणि रात्र कोरी.
'ह्या एका रात्रीसाठी वर्षभर थांबले होते,'
एवढंच पत्रात. कार्ड टिशूत गुंडाळून सोबत.
राग नाही.
राग असता तर बरं झालं असतं.

ड्रायव्हर उघडला.
तिथं वाटा तीनच:
एक पॉइंट आठ व्होल्ट, तीन, तीन पॉइंट तीन.
चौथं कुणी मागितलं तर?
तर खाली कुणीतरी लिहून ठेवलेलं:
इथं कधीच येणार नाही.
आणि त्याखाली एकच हुकूम.
सगळं थांबव.

कुणीतरी म्हणजे कोण, ते नाव शेजारीच होतं.
माझंच.
चार वर्षांपूर्वीच्या मार्चमधला एक शुक्रवार,
घरी जायची घाई असणार.

कार्ड आत आलं की आधी बोलणी होतात.
कार्ड सांगतं, मला हे हे चालतं.
बोर्ड सांगतो, माझ्याकडे हे हे आहे.
दोन चाळण्या एकावर एक धराव्यात
आणि भोकाला भोक जुळेल तिथूनच उजेड यावा, तसं.
आमच्या बोर्डाच्या कागदावर एक भोक जास्तीचं होतं:
दोन व्होल्ट.
नव्हतेच ते आमच्याकडे.
आजवर कुणी मागितले नाहीत म्हणून खपून गेलं.
ह्या कार्डाला नेमके तेवढेच चालत होते.
स्थळ पसंत, याद्या झाल्या,
आणि मांडवात नवरदेवच नाही.

इचलकरंजीला बाबांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान.
संध्याकाळी व्होल्टेज पडायचं, माग गुंगायचे,
दुसऱ्या दिवशी जळक्या मोटारी दारात रांगेनं,
वार्निशचा तो वास शाळेच्या दप्तरापर्यंत.
एकदा विचारलं, स्टॅबिलायझर चांगला कशावरून ओळखायचा?
म्हणाले, 'त्याला नाही म्हणता येतं का बघायचं.
टक् करून तुटतो तो चांगला.
स्वतः जळत नाही,
शेजारच्याला अंधारात घालत नाही.'

ती ओळ खोडली.
त्या जागी लिहिलं: ह्या खोबणीचा पुरवठा बंद कर,
वहीत नोंद टाक, एवढे मागितले, देता येत नाहीत,
आणि रिकाम्या हातानं, पण जिवंत, परत फिर.
डॉडबाईंचं कार्ड घातलं.
नोंद पडली. दिवा हिरवाच राहिला.
दुसरी खोबणी आपलं काम करत राहिली,
खिडकीबाहेरचा बेकरीचा पंखा टिपत.
मग कागदावरचं ते भोकही बुजवलं.

'म्हणजे कार्ड अजून चालत नाहीच,' गॅरेथ म्हणाला.
चालत नाही.
चालणारही नाही.
त्याला ते पटेना; तो चहा करायला गेला.

रविवारी बाबांना फोनवर सगळं सांगितलं.
व्होल्ट कळले, बाकीचं बहुधा नाही.
'कार्ड जळालं का?'
नाही. काढून हाताच्या पाठीला लावून बघितलं,
तुम्ही मोटारीला लावायचात तसं.
'आणि?'
गार.
'मग झालं की,' म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं.

डॉडबाईंच्या पत्राला उत्तर अजून लिहायचंय.
खाणीच्या तोंडातून त्या रात्री काय काय बाहेर पडलं
ते आता कुठल्याच ओळीनं परत यायचं नाही.
दोनदा कागद घेतला, दोनदा हवामानावरच अडकले.
आज पहिलं वाक्य तेवढं सापडलं:
ती ओळ माझी होती.