उलटी भिंत

महालातला स्टुडिओ मी दोन वर्षांपूर्वी बंद केला.
पडदे भंगारात गेले, छत्र्या पुतण्याच्या गच्चीवर,
घरी उरलं बुटाचं एक खोकं :
लोकांनी परत येऊन न नेलेले पासपोर्ट फोटो.

आता शनिवारी सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या शाळेत जातो.
सातवी ते नववी, सव्वीस पोरं, एक कॅमेरा,
त्याचा पट्टा तुटलेला, बुटाच्या नाडीनं बांधलेला.

तीन शनिवार मी तेच शिकवलं, जे मला येत होतं.
हनुवटी खाली. खांदे सैल. श्वास धरू नका.
पोरांनी एकमेकांचे फोटो काढले,
सगळे लग्नातल्या मामासारखे ताठ.
हर्षाली निखारे म्हणाली,
“सर, हे तर आधार कार्डच होऊन राहिलं.”

चौथ्या शनिवारी कॅमेरा कपाटातच ठेवला.
खिडक्यांना काळे चार्ट पेपर, खाकी टेप,
दाराच्या फटीला कोणाचा तरी स्वेटर,
जो डिसेंबरपासून वर्गातच पडून होता.
कूलरची खिडकीही बुजवावी लागली.
एप्रिल. नागपूर. सव्वीस पोरं.
मुख्याध्यापकांनी दोनदा येऊन विचारलं, सगळे ठीक आहेत ना.

मग रस्त्याकडच्या कागदाला
पेन्सिलीनं बटणाएवढं भोक पाडलं.

आधी काहीच नाही.
नुसता घामाचा आणि डब्यांतल्या लोणच्याचा वास.
मग हळूहळू, डोळे सरावले तसा,
फळ्याशेजारच्या भिंतीवर रस्ता उमटला.
आकाश खाली, फरशीला टेकलेलं.
ऑटो छताला लटकून चाललेले.
कडुनिंब वरून खाली वाढलेला, पानं हलत होती,
आणि बेंचांच्या उंचीवरून
आवाज न करता मेट्रो गेली.

“काऊन उलटं हो, सर?”
“उजेड सरळच जाते, म्हणून.”
याहून चांगलं मला अजूनही सांगता येत नाही.

पोरं ओणवी झाली, पायांमधून पाहू लागली.
“अबे पाह्य, कैरीवाली! उलटी बसली, पण टोपली सांडून नाही राहिली!”
वर्गभर हसू.

प्रशिक गजभिये हसला नाही.
त्यानं वहीचं कोरं पान काढलं,
भिंतीपाशी धरलं, मग पाऊल पाऊल
भोकाकडे नेत राहिला.
बाई लहान होत गेली
आणि उजळ.
शेवटी तळहाताएवढी.

“सर, हे ठेवायचं कसं?”

मला फिल्मबद्दल बोलता आलं असतं, चांदीच्या क्षारांबद्दल.
मी म्हणालो, “पेन्सिल आहे ना तुझ्याजवळ?”

पान हर्षालीनं धरलं.
त्यानं टोपलीपासून सुरुवात केली, मग गुडघा,
पदराची कड, वजनकाटा.
तोपर्यंत बाई कोणाला तरी सुटे द्यायला वळली,
चेहरा राहून गेला.
पूर्ण वेळ त्यानं श्वास धरला होता.
मी काही बोललो नाही.

मधल्या सुट्टीत मी कागद सोडवत होतो.
उजेड अंगावर आला, काही क्षण काहीच दिसेना.
मग खाली फाटकाशी प्रशिक,
कैरीवालीसमोर वही धरून उभा.
ती मान तिरपी करून पाहत राहिली.
त्याच्या लक्षात आलं,
वही त्यानं फिरवली.

तिनं आधी हात पुसले,
मग त्याच पदरानं त्याचं कपाळ,
आणि मगच वही घेतली.