पावाची पिशवी

कास्त्रेलूत सतरा माणसं राहतात.
मी आराखड्यात अठरा लिहिली होती.
चूक दोना बेल्मीरांनी काढली,
चुलीपुढून न उठता.

पोर्तुगालच्या डोंगराळ कोपऱ्यातलं गाव.
माझ्या हातात तक्ता: जीवनमान, रकाने एकतीस.
रस्ता आहे. वीज आहे. नळाला पाणी आहे.
दवाखाना बावीस किलोमीटर.
शाळा बंद; वर्गात चेस्टनट वाळत घातलेत,
फळ्याखालपर्यंत.
समाधान, एक ते पाच?
त्या म्हणाल्या, कशाचं?
मी रकाना पुन्हा वाचला.
तिथं ते लिहिलेलं नव्हतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी अदेरितूची गाडी येते,
वळणापासूनच भोंगा वाजवत.
दारांच्या कड्यांना पिशव्या अडकवलेल्या,
एक चौकडीची, एक जुन्या पडद्याची,
आत मोजून ठेवलेली नाणी.
तो पाव टाकतो, नाणी घेतो,
पुढच्या दाराशी जातो. बोलतो कमीच.
दुपार झाली तरी पिशवी लोंबतच असेल
तर समोरचं घर उठतं.

फेब्रुवारीत एर्मीनियूची लोंबत राहिली.
तो न्हाणीघरात सापडला, खुबा मोडलेला,
गारठलेला, आणि इतका वेळ का लावलात म्हणून
सगळ्यांवर खेकसणारा.
अल्झीराची लोंबली ऑक्टोबरात.
तेव्हा मात्र दार उघडून
काही उपयोग नव्हता.
माझा अठरावा आकडा तो.

आराखड्याचं पान नऊ मीच लिहिलंय:
पावाची फेरी तोट्यात. त्याऐवजी फाट्यावर
कुलपाच्या पेट्या, आकडा फोनवर,
आठवड्यातून एकदा.
डिझेल वाचतं, धूर वाचतो.
बेरीज मी तीनदा तपासली. बिनचूक आहे.

रात्री मास्तरांच्या रिकाम्या खोलीत
मी त्याच पानाशी झटत बसलो.
पहाटे कधीतरी डोळा लागला.
भोंगा ऐकलाच नाही.

जाग आली ती दारावरच्या धक्क्यांनी.
उघडलं, तर बाहेर तिघं:
बेल्मीरा, काठीवर रेललेला एर्मीनियू,
आणि नाव माहीत नसलेला एक माणूस.
कडीला कुणाची तरी फुलाफुलांची पिशवी,
पाव गार पडलेला.

कुणी काही बोललं नाही.
त्या तिसऱ्याच्या हातात
पहार होती.