फॅट सहा पॉइंट आठ

कार्तिक संपेस्तोवर ती म्हैस टीकाराम उपाध्यायांकडे होती.
सकाळचं सहा लिटर, फॅट सहा पॉइंट आठ.
मीच लिहायचो, निळ्या शाईनं,
डेअरीच्या खिडकीशी बसून.
समोर दैलेखचा रस्ता, दरीत धुकं,
जीप यायला अजून तासभर.

मंसिरात जुनकली विश्वकर्मानं ती विकत घेतली.
नवऱ्यानं कतारहून धाडलेले, थोडे महिला गटाकडून उचललेले.
टीकारामांनी नोटा थुंकी लावून मोजल्या,
दोनदा.

म्हैस ओढा ओलांडून गेली.
पावणेदोनशे पावलं असतील.
गवत त्याच डोंगराचं,
पाणी त्याच ओढ्याचं, जरा खालच्या अंगाचं.
रेडकू मागोमाग गेलं, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी जुनकली किटली घेऊन रांगेत आली.
रांग म्हणजे,
ती आल्यावर रांग राहिली नाही,
दोन घोळके झाले, आणि मधे ती.

मी सवयीनं लॅक्टोमीटर बुडवला.
रोज जिथं थांबायची तिथंच काच थांबली.
तिला तेवढंच कळतं: पाणी किती.

अध्यक्ष म्हणाले,
"कायदा आहे, मी कुठं नाही म्हणतो?
पण पिंप एकच आहे बाबा.
हिचं पडलं तर चाळीस घरांचं उद्यापासून यायचं नाही."
मग माझ्या कानाशी:
"काहीतरी लिही."

मी लिहिलं: आंबूस.

तिनं किटलीत नाक घालून वास घेतला.
मग वहीकडे पाहिलं.
वाचता येत होतं तिला.

माघात पिंपाची कडी तुटली.
लोखंडाचं काम आमच्याकडे एकाच घरी होतं,
आणि लोखंडाला विटाळ नसतो,
कसा, ते कुणी विचारत नाही.
मी गेलो. अंगणात पेंढ्याची बसकण मिळाली.
सासरा भात्याशी,
गोठ्यात म्हैस; तिनं मान वळवून पाहिलं,
ओळखलं असावं.
तांब्याएवढी कास, धारेची वेळ झालेली.

जुनकलीनं चहा विचारला नाही.
आतून बिस्किटांचा पुडा आणला,
न फोडलेला, नेपाळगंजच्या दुकानातला,
आणि जमिनीवर ठेवला, माझा हात पोचेल एवढ्या अंतरावर.
मला नाही म्हणावं लागू नये
याची सोय तिनंच करून ठेवली होती.

पुड्यावर हसरी गाय, खाली ठळक अक्षरांत: दुधाची बिस्किटं.
कुणाच्या हातचं दूध, छापलं नव्हतं.
मी तीन खाल्ली. चौथं हातात तसंच राहिलं.

कडी जुळली. सासऱ्यानं पाण्यात बुडवली, चर्र झालं.
"किती द्यायचे?" मी विचारलं.

"लिहून ठेवा," जुनकली म्हणाली,
"तुमचं अक्षर चांगलं आहे."