खोट

मी फक्त किडे रंगवतो.
फुलं लेबरेख्टकडे, बंदरं आणि गलबतं
वरच्या मजल्यावरच्या दोघा भावांकडे,
सोन्याची किनार म्हाताऱ्या श्ट्योल्त्सनरकडे,
ज्याचा हात दारू पोटात गेल्यावरच थरथरायचा थांबतो.
माझ्याकडे येतं ते भट्टीनं चावलेलं :
झिलईवर उठलेला फोड,
सुईच्या टोकाएवढा खड्डा,
नाहीतर लोखंडाचा एखादा कण
जो इतके दिवस मातीत तोंड मिटून होता
आणि आगीत बोलून गेला.

त्यावर मी भुंगा बसवतो.
फोड असेल तर ढालकिडा, पाठ आपसूक फुगीर.
चीर असेल तर चतुर, तिच्याच लांबीचा.
खारीच्या शेपटीचा कुंचला, सात केसांचा.
लावताना जांभळा रंग चक्क चिखलासारखा दिसतो;
दुसऱ्या भट्टीतून बाहेर येईपर्यंत
काय रंगवलंय ते मलाही धड ठाऊक नसतं.

किल्ल्याला बाहेरून कुलूप.
पांढऱ्या मातीचं गुपित आम्हाला कुणी सांगितलेलं नाही,
तरी खाली एल्बेकडे उतरायचं तर
पहारेकरी खिसे चाचपतो.

घरी झिडोनी. तिच्या गालांवर
देवीचे व्रण, लग्नाआधीपासूनचे.
पहिल्या हिवाळ्यात एकदा मी ते मोजत होतो,
वाटलं, झोपलीय.
म्हणाली, 'एवढे किडे आणशील कुठून?'
आणि कूस बदलून घोरायला लागली.

परवा एक बशी आली.
चुकून आली असणार. खिडकीशी धरली :
उजेड आरपार, पलीकडे माझ्याच बोटांची सावली,
बाकी कुठेच काही नाही.
दुपारभर फिरवत बसलो.
नजर टेकायला जागाच नव्हती,
घसरायची आणि टेबलावर यायची,
वाळलेल्या रंगांच्या खपल्यांवर,
माझ्या नखांवर.

मग काठापाशी, अगदी विनाकारण,
मी एक मुंगी काढली.
सहा पाय, त्यातला एक जरासा उचललेला.

ड्रेस्डेनमध्ये जेवताना कुणी बाई
तिला टिचकीनं उडवू पाहील.
पण ते पुढचं.
आत्ता तपासनीस भिंग लावून बसलाय,
मुंगीखाली काय लपवलं म्हणून
तिसऱ्यांदा विचारतोय.
काही नाही, म्हटलं तर त्याला पटत नाही.

दंड किती, ते शनिवारी कळेल.