पावणेचारशे पायऱ्या

एकतीस वर्षं मी पासपोर्ट मोजले
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, कोरे,
अंगठ्याखाली ओला स्पंज.
सुटताना फाटकावर झडती.
खिशात डब्यातला चमचा निघायचा, बाकी काही नाही.

या माघात माझा स्वतःचा
टपालाने घरी आला.
पोस्टमन सही मागत होता
आणि मी शिवण बघत होतो,
पानं मोजत होतो. बरोबर भरली.
कुमुद म्हणाली, आत नाव कोणाचं आहे
ते तरी बघा आता.

इटलीच्या कडेला पाच गावं आहेत,
वळचणीला गांधीलमाशीचं पोळं असतं तशी
कड्याला चिकटलेली.
एकातून दुसऱ्यात पायवाट,
डाव्या हाताला सगळा वेळ समुद्र.
सहा दिवस चालायचं. वैशाखात.

बागूल म्हणाले, चालायला?
एवढं तिकीट काढून चालायला?
गोदापार्क काय वाईट आहे!
मला उत्तर सुचलं नाही.
व्हिसाच्या अर्जातही तोच प्रश्न होता,
प्रवासाचा उद्देश.
मी लिहिलं, चालणे.
एजंटच्या पोरीने खोडून पर्यटन केलं.

नकाशा काढला द्राक्षपेटीच्या झाकणावर,
स्केचपेनने.
नावं कुमुदच्या तोंडात बसेनात,
मग तिने आपलीच देऊन टाकली.
रिओमाज्जोरेचं रामशेज,
मानारोलाचं मनोली,
वेर्नात्झा वरवंडी, मोंतेरोस्सो मातोरी.
कोर्निलिया तेवढं कोर्निलियाच राहिलं.
ते एकटंच वर बसलंय,
स्टेशनपासून पावणेचारशे पायऱ्या.

मोबाइलवर तिला फोटो दाखवला, निळं पाणी, होड्या.
तिची नजर पाण्याच्या वर अडली.
दगडाच्या ताली, तालीवर वेली.
पिंपळगावला लोकांच्या बागेत
विरळणी करत तिची शाळा सुटली होती,
कात्रीचा घट्टा अजून आहे बोटाला.
त्याच बोटाने तिने फोटो मोठा केला.
मांडव एवढा बुटका?
इथे बाई उभी कशी राहते?
ओणव्यानेच जन्म जात असेल तिचा.

मी म्हटलं, अगं, समुद्र बघ.
पाणी काय, म्हणाली, गंगेलाही असतं.
मला त्या बाईला भेटायचंय.

अर्जात हे लिहायला रकाना नव्हता.

तेव्हापासून पहाटे पांडवलेणी.
एकदा चढून भागत नाही,
दोनदा चढलो तरच हिशोब जुळायला लागतो.
डॉक्टर घोलप म्हणाले, गुडघा चढण्याने जात नाही,
उतरण्याने जातो.
तिचा उजवा उतरताना बोलतो,
माझ्याशी बोलत नाही इतकं.

वरून हायवे दिसतो, मुंबईकडे निघालेले ट्रक,
आणि पलीकडे अंबडच्या शेडचे पत्रे.
ऊन पडलं की पत्रे हलल्यासारखे चमकतात.
हाच धरा समुद्र, ती म्हणते,
आणि पाण्याची बाटली माझ्याकडे देते,
म्हणजे ओझं माझ्याकडे.

व्हिसा अजून आलेला नाही.
बॅगेत दोन किलो चिवडा मात्र आत्ताच भरून ठेवलाय
आणि रोज त्यातला थोडा कमी होतोय.
मी वजन करत नाही, पण कळतं.

काल दुसऱ्या फेरीत
ती एकशे बाराव्या पायरीवर बसली.
बुटाची नाडी सोडली, परत बांधली.
तुमचं ते कोर्निलिया तुम्ही चढा,
मी बसेन खाली स्टेशनवर.
एवढ्या लांब जाऊन? मी म्हटलं.
एवढ्या लांब जाऊन, ती म्हणाली.

मी एकटा वर गेलो.
पत्रे चमकत होते. मी फार थांबलो नाही.

खाली येताना मोजत होतो, सवय.
एकशे तिसाव्या पायरीवर ती,
कठड्याला धरून उभी, घामाघूम,
बुटाची नाडी सुटलेली.
मी काही बोललो नाही. आकडाही सांगितला नाही.
तिनेच विचारलं, दम खात खात,
त्यांच्याकडे दोनदा छाटतात हो बाग,
की एकदाच?